भोपाळची पुढची पिढी : जन्मजात व्यंगांच्या प्रश्नाचा आढावा

भोपाळच्या वायुकांडाविषयी चाळीस वर्षांत बरेच लिहून झाले. मृतांचा खरा आकडा, भरपाईची तुटपुंजी रक्कम, युनियन कार्बाइड कंपनीचा तेव्हाचा प्रमुख वॉरन अँडरसन याचे प्रत्यार्पण, कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा या प्रत्येक विषयावर अहवाल आहेत, निकाल आहेत, पुस्तके आहेत. एका प्रश्नावर मात्र अजून एकवाक्यता नाही, आणि तो प्रश्न जुन्या भोपाळमधल्या बायका बाळंतपणाच्या खाटेवरून विचारत आल्या आहेत. नऊ महिने सगळे ठीक होते, मग बाळ असे का जन्मले? मला गॅस लागला होता म्हणून का? माझ्या आईला लागला होता म्हणून का? संशोधक, सरकार, न्यायालय आणि गॅसपीडितांच्या संघटना यांनी या प्रश्नाला आजवर काय उत्तरे दिली आणि गाडे कुठे अडले, ते पाहू.

मूळ घटना थोडक्यात अशी. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ई-610 या टाकीत पाणी शिरले, आतले मिथाइल आयसोसायनेट तापले आणि सुमारे 40 टन वायू झोपलेल्या शहरावर पसरला. 5 लाखांहून अधिक माणसे त्याच्या तडाख्यात सापडली. शहराच्या 56 पैकी 36 वॉर्ड पुढे गॅसपीडित ठरवले गेले.

तीन गट, तीन प्रश्न

‘भोपाळची व्यंग असलेली मुले’ असे सरसकट म्हटले की गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण त्यात तीन वेगळे गट एकत्र होतात. पहिला गट त्या रात्री आईच्या पोटात असलेल्या मुलांचा. आज ही मुले चाळिशीत आहेत. दुसरा गट गॅस लागलेल्या आईबापांना नंतर, काहींना तर वीस-पंचवीस वर्षांनी झालेल्या मुलांचा. त्यांच्या शरीराला गॅसचा स्पर्शही झालेला नाही. झाला असेल तर परिणाम आईच्या किंवा बापाच्या शरीरातून आला असला पाहिजे. तिसरा गट कारखान्यामागच्या वस्त्यांत दूषित भूजल वर्षानुवर्षे पिणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचा. त्यातली कित्येक कुटुंबे 1984 नंतर तिथे राहायला आली, म्हणजे त्यांना गॅस लागलेलाच नाही.

तिन्ही गटांचे शास्त्र वेगळे, पुरावा वेगळा आणि पुराव्याचे बळही वेगळे. एका गटाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावले की एका बाजूला अतिशयोक्ती होते आणि दुसऱ्या बाजूला सरसकट नाकारणे सोपे जाते. दोन्ही गोष्टी भोपाळच्या बाबतीत झाल्या आहेत.

त्या रात्री पोटात असलेली मुले

सगळ्यांत भक्कम पुरावा याच गटाचा आहे. मॅकगिल विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ दया वर्मा यांनी दुर्घटनेनंतर नऊ महिन्यांनी 3,270 कुटुंबांची पाहणी केली. कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या 865 स्त्रिया त्या रात्री गरोदर होत्या. त्यांच्यापैकी सुमारे 43 टक्के गर्भधारणांतून जिवंत मूल हाती आले नाही. जी 486 बाळे जिवंत जन्मली, त्यांतली 14 टक्के पहिल्या तीस दिवसांत दगावली. याच कुटुंबांत आधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण 2.6 ते 3 टक्के होते. 1987 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्मा यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतही मिथाइल आयसोसायनेटमुळे गर्भ दगावल्याचे आढळले.

भोपाळच्याच गांधी वैद्यकीय महाविद्यालयातले बालरोगतज्ज्ञ एन. आर. भंडारी आणि त्यांचे सहकारी यांनी गॅसग्रस्त व इतर भागांतल्या गरोदर स्त्रियांची तुलना केली. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गॅसग्रस्त गटात आपोआप गर्भपात होण्याचे प्रमाण 24.2 टक्के आणि तुलनागटात 5.6 टक्के आढळले. या फरकाबद्दल आज कोणी गंभीरपणे वाद घालत नाही. जन्मजात व्यंगांचा आकडा मात्र वेगळे सांगत होता. गॅसग्रस्त गटात हजारी 14.2, तुलनागटात हजारी 12.6. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठरत नाही. ‘भोपाळमध्ये गॅसमुळे व्यंगे वाढली नाहीत’ या विधानाला हा आकडा पुढे फार मोठा आधार झाला.

तो आकडा खोटा नाही, पण त्याचे दोन अर्थ लागतात. एक, व्यंगे खरोखरच वाढली नाहीत. दुसरा, ज्या गर्भांना सर्वाधिक इजा झाली ते जन्मापर्यंत पोहोचलेच नाहीत. चारातला एक गर्भ पडत असेल, तर जन्मलेल्या बाळांतले व्यंगांचे प्रमाण मोजून पूर्ण हिशेब लागत नाही. पडलेल्या गर्भांची तपासणी पद्धतशीर झाली असती तर या दोन अर्थांतून एक निवडता आला असता. शिवाय हजारी दहा-पंधरा अशा विरळ गोष्टीतला लहान फरक पकडायला पाहणी फार मोठी लागते.

या काळात स्वयंसेवी डॉक्टरांनी एक वेगळी बाजू पुढे आणली. सरकारी यंत्रणेचे लक्ष डोळे आणि फुप्फुसे यांवर होते, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण माणसे श्वास कोंडून मरत होती. 1985 मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सद्गोपाल यांनी वस्त्यांत जाऊन स्त्रियांची तपासणी केली. अंगावरून जास्त जाणे, पांढरे जाणे, ओटीपोटाला सूज अशा तक्रारींचे प्रमाण त्यांना इतके आढळले, की आपल्या अहवालात त्यांनी त्याला स्त्रीरोगांची साथच म्हटले. मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाने त्याच वर्षी गर्भधारणेच्या परिणामांची पाहणी केली. तिचा अहवाल 1990 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तोही गर्भपात वाढल्याचेच सांगतो. दाई आणि डॉक्टर यांच्या कानावर रोज पडणाऱ्या तक्रारी ‘बायकांचे नेहमीचेच’ म्हणून बाजूला पडत होत्या. त्यांना नोंदीत जागा मिळाली ती या कामामुळे, आणि या विषयाच्या इतिहासात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तेव्हा आणखी एक पेच होता. डिसेंबरात दोन-तीन महिन्यांची गरोदर असलेली स्त्री 1985 च्या जून-जुलैत बाळंत होणार होती. तिला धोक्याची कल्पना द्यावी का? गर्भपाताचा पर्याय सांगावा का? स्वयंसेवी डॉक्टरांचे म्हणणे होते की माहिती देऊन निर्णय तिच्यावर सोपवावा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की पुरावा नसताना घबराट पसरवू नये. दोन्ही बाजूंच्या हेतूत खोट काढता येत नाही. व्यंगाचे निदान गर्भातच करण्याची साधने तेव्हा सामान्य बाईच्या आवाक्यात नव्हती, त्यामुळे बहुतेकींना काय ते बाळंतपणातच कळले.

विष वारेपलीकडे गेले का

मिथाइल आयसोसायनेट पाण्याशी झटकन संयोग पावते. म्हणून सुरुवातीचे एक मत असे होते, की फुप्फुसाच्या ओल्या पृष्ठभागावरच ते संपून जाईल, रक्तात उतरणार नाही, आणि गर्भापर्यंत जाण्याचा तर प्रश्नच नाही. हमीदिया रुग्णालयाच्या शवागारात काम केलेले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. डी. के. सत्पथी यांनी 2024 मध्ये भोपाळमध्ये जाहीरपणे सांगितले, की विष वार ओलांडत नाही असे कंपनीचे म्हणणे होते, पण मृत गरोदर स्त्रियांच्या तपासणीत आईच्या रक्तात सापडलेल्या विषारी द्रव्यांपैकी 50 टक्क्यांपर्यंत गर्भातही सापडली होती.

रक्तात न उतरण्याचे मत पुढे टिकलेही नाही. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. श्रीरामाचारी यांच्या गटाला गॅसपीडितांच्या हिमोग्लोबिनशी हा पदार्थ जोडला गेल्याच्या खुणा सापडल्या. शरीरातल्या ग्लुटाथायोनशी बांधला जाऊन तो लांब वाहून जातो आणि दुसरीकडे पुन्हा सुटा होतो, हेही 1990 च्या सुमारास प्रयोगशाळेत दिसून आले. तेव्हा त्या रात्रीच्या गर्भांपर्यंत विष पोहोचू शकत होते, एवढे आज म्हणता येते.

ही मुले मोठी झाल्यावरचे अभ्यास थोडे आहेत, पण दिशा दाखवणारे आहेत. गर्भात असताना गॅस लागलेल्यांची प्रतिकारयंत्रणा वीस-पंचवीस वर्षांनीही अवाजवी चेतलेली असल्याचे 2009 च्या एका शोधनिबंधात आहे. 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या गॉर्डन मॅकॉर्ड, प्रशांत भारद्वाज आणि सहकाऱ्यांनी 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसह जुनी सरकारी आकडेवारी घेऊन वेगळ्या वाटेने तपास केला. 1985 मध्ये भोपाळ परिसरात जन्मलेल्यांची तुलना त्यांनी आधी-नंतर जन्मलेल्यांशी आणि दूरच्या गावांशी केली. त्या वेळी गर्भात असलेल्या पुरुषांमध्ये कामधंद्यात अडथळा आणणारे अपंगत्व जास्त, कर्करोगाचे प्रमाण जास्त आणि शिक्षण कमी, असे त्यांना आढळले. त्या वर्षी मुलग्यांचे जन्म घटल्याची खूण तर शंभर किलोमीटरपर्यंत दिसली. या पद्धतीत कोणा एकाला किती गॅस लागला हे कळत नाही. माणूस कुठे आणि केव्हा जन्मला यावरूनच अंदाज बांधलेला असतो. पण तिचा एक गुणही आहे. आकडे गोळा करणाऱ्याला भोपाळविषयी काही सिद्ध करायचे नव्हते.

नंतर पोटी आलेली मुले

दुसऱ्या गटापाशी वाद खरा तापतो. 2003 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात रंजन, सतीनाथ सारंगी, दया वर्मा आदींचा एक छोटा निबंध आला. लहानपणी गॅस लागलेले किंवा गॅसपीडित आईबापांना नंतर झालेले किशोरवयीन मुलगे त्यांच्या बरोबरीच्या मुलांपेक्षा उंचीने, वजनाने आणि डोक्याच्या घेराने लहान आढळले. मुलींमध्ये हा फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता आणि फक्त मुलग्यांतच फरक का, याचे समाधानकारक उत्तर त्यात नव्हते. तरी प्रश्न पटलावर आला. गॅसपीडितांच्या रंगसूत्रांत मोडतोड अधिक दिसते, असे सांगणारे काही अभ्यासही आहेत. मात्र आईबापाच्या रक्तपेशींतली मोडतोड बीजपेशींत उतरते का आणि तिथून मुलात येते का, या दोन पायऱ्या अजून सिद्ध व्हायच्या आहेत.

ज्या संस्थेने हे काम सलग करायचे, ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद. तिने 1985 पासून सुमारे 80 हजार गॅसग्रस्तांचा आणि एका तुलनागटाचा पाठपुरावा सुरू केला. एवढी मोठी नोंद विकसनशील देशात क्वचितच झाली असेल. पण 1994 मध्ये परिषदेचे संशोधन थांबले आणि 1995 पासून काम राज्य सरकारच्या पुनर्वसन अभ्यास केंद्राकडे गेले. 2010 मध्ये परिषदेने भोपाळमध्येच राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य संशोधन संस्था स्थापन केली. अधल्यामधल्या वर्षांत बरीच कुटुंबे घरे बदलून पाठपुराव्यातून सुटली. त्या रात्री लहान असलेल्या मुली नेमक्या याच वर्षांत लग्न होऊन आया झाल्या, आणि त्यांच्या बाळंतपणांची नोंद जशी व्हायला हवी होती तशी झाली नाही. दुसऱ्या पिढीचा प्रश्न लोंबकळत राहिला त्यामागे माझ्या मते हे सर्वांत मोठे कारण आहे.

2016-17 ची पाहणी

राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य संशोधन संस्थेने जानेवारी 2016 ते जून 2017 या काळात नवजात बाळांतल्या व्यंगांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष परिषदेने प्रसिद्ध केले नाहीत. गॅसपीडितांच्या संघटनांनी माहितीच्या अधिकारात कागद मिळवले तेव्हा आकडे बाहेर आले. गॅसग्रस्त मातांच्या 1,048 बाळांपैकी 9 टक्के बाळांत जन्मजात व्यंग होते. गॅस न लागलेल्या मातांच्या 1,247 बाळांत हे प्रमाण 1.3 टक्के होते. म्हणजे एकीकडे सुमारे 94 बाळे, दुसरीकडे सुमारे 16. संघटनांचे म्हणणे, हा दुसऱ्या पिढीवरच्या परिणामाचा थेट पुरावा आहे आणि तो दडवला गेला. परिषदेच्या वैज्ञानिक समितीचे म्हणणे, पाहणीचा आराखडाच सदोष होता, म्हणून आकडे विश्वासार्ह नाहीत.

हे आकडे 1990 च्या अभ्यासाशेजारी ठेवून पाहावेत. तुलनागटाचे प्रमाण तेव्हा हजारी 12.6 होते, आता हजारी 13. जवळपास तेवढेच. बदलला तो गॅसग्रस्त गटाचा आकडा, हजारी 14 वरून 90. आई स्वतः गॅस लागलेली असेल तर 2016 मध्ये तिचे वय निदान एकतीस असणार. तुलनागटातल्या आया तरुण असतील, तर डाउन सिंड्रोमसारख्या काही व्यंगांत वयामुळेच फरक पडतो. ‘गॅसग्रस्त’ कोणाला म्हटले, तपासणाऱ्या डॉक्टरला आईची पार्श्वभूमी आधी ठाऊक होती का, अडचणीची बाळंतपणे कोणत्या रुग्णालयात पाठवली जात होती, याही गोष्टी आकडा वरखाली करतात. मात्र वयाच्या फरकाने सातपट अंतर भरून निघेल हे पटत नाही. आराखडा सदोष असेल तर दोष नेमका कुठे आणि किती, हे आकडे उघड केल्याशिवाय कळणार नाही. आराखडा बरोबर असेल तर ही गेल्या तीस वर्षांतली सर्वांत गंभीर आरोग्यवार्ता आहे. यातले काहीही खरे असले तरी तीच पाहणी दुरुस्त करून पुन्हा करणे हा त्यावरचा स्वाभाविक उपाय होता.

मोजण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो, याचे उदाहरण पुण्यात आहे. पुणे विद्यापीठातल्या अनिता कर आणि सहकाऱ्यांनी दोन हजारांवर गरोदर स्त्रियांचा गरोदरपणापासून पाठपुरावा केला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मोठ्या जन्मजात व्यंगांचे प्रमाण दहा हजारी सुमारे 230 निघाले. प्रसूतिकक्षात बाळ उलटेपालटे करून पाहिले की दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, पाठीवरची गाठ दिसते. हृदयाचे छिद्र, बहिरेपण, मोतीबिंदू तिथे सहसा सुटतात. भोपाळच्या चर्चेत उलट गफलतही होते. सेरेब्रल पाल्सीची मुले सरसकट जन्मजात व्यंगात मोजली जातात. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांना जन्मताना श्वास कोंडल्याने, अपुऱ्या दिवसांचे असल्याने किंवा कावीळ डोक्यात गेल्याने इजा झालेली असते. तिथे गॅसपेक्षा बाळंतपणातली हेळसांड कारण असू शकते. अर्थात आईच्या प्रकृतीवर गॅसचा परिणाम असेल तर अपुऱ्या दिवसांचे बाळ हाही त्याचाच परिणाम ठरू शकतो. हा गुंता बाहेरून आकडे पाहून सुटत नाही.

पाण्याचा धागा

कारखाना 1969 पासून चालू होता. त्याचा टाकाऊ माल आवारात पुरला जाई आणि 1977 पासून उत्तरेकडच्या बाष्पीभवन तलावांत सोडला जाई. 1999 मध्ये ग्रीनपीसच्या तपासणीत परिसराच्या मातीत पारा आणि भूजलात क्लोरीनयुक्त द्रावके सापडली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (‘नीरी’) आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने 2010 मध्ये दूषित मातीचा अंदाज 11 लाख टन असा दिला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्यायला सांगितले, तरी नळ पोहोचायला अनेक वर्षे गेली. आवारातला साठवलेला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला नेऊन त्या वर्षी जाळला गेला. मातीचा प्रश्न तसाच आहे.

या द्रव्यांतली काही गर्भाला घातक असू शकतात, हे इतर ठिकाणच्या अभ्यासांतून माहीत आहे. भोपाळच्या वस्त्यांत कोणत्या आईने किती वर्षे, कोणत्या हातपंपाचे पाणी प्यायले आणि तिच्या मुलांचे काय झाले, याची खुली, मोठी नोंद मात्र नाही. त्यामुळे तिसऱ्या गटाबद्दल आज ‘शंकेला जागा आहे’ यापलीकडे प्रामाणिकपणे जाता येत नाही. कुपोषण, जवळच्या नात्यातली लग्ने आणि फोलिक ॲसिडची कमतरता हीही व्यंगांची नेहमीची कारणे आहेत आणि याच वस्त्यांत ती आहेत. संघटनांवर टीका करणारे हे मुद्दे मांडतात आणि ते रास्त आहेत. पण ही कारणे शेजारच्या गॅस न लागलेल्या गरीब वस्तीतही असतात. म्हणूनच तुलनागट लागतो.

इतरांनी कसे केले

हिरोशिमा आणि नागासाकीत अणुबॉम्बनंतर युद्धाने कोलमडलेल्या देशात जन्मांची नोंद कशी झाली, हे भोपाळसाठी फार शिकण्यासारखे आहे. पाचव्या महिन्यानंतर नाव नोंदवणाऱ्या गरोदर स्त्रीला जादा शिधा मिळे. नोंदणीची ही रांग संशोधकांनी हाती धरली, म्हणून 1948 ते 1954 या काळात सुमारे 77 हजार जन्मांची तपासणी होऊ शकली. किरणोत्सर्ग लागलेल्या आईबापांना नंतर झालेल्या मुलांत व्यंगे ठळकपणे वाढल्याचे आढळले नाही. स्फोटाच्या वेळी गर्भात असलेल्या मुलांत मात्र, विशेषतः आठव्या ते पंधराव्या आठवड्यात असलेल्यांत, लहान डोके आणि बौद्धिक अक्षमता स्पष्ट दिसली. पहिल्या आणि दुसऱ्या गटाची उत्तरे वेगळी येऊ शकतात, हे जपानने असे दाखवले. आणि मूळ कागद जपलेले असल्याने 2021 मध्ये तोच संच नव्या गणिताने पुन्हा तपासता आला.

इटलीत सेवेसो येथे 1976 मध्ये डायॉक्सिन पसरले. तिथे रक्ताचे नमुने लगेच घेऊन गोठवले गेले. त्यांच्या आधारे, ज्या पुरुषांच्या अंगात डायॉक्सिन जास्त गेले त्यांना पुढे मुलगे कमी झाले, हे 2000 मध्ये सांगता आले. भोपाळच्या 2023 च्या निबंधातही मुलग्यांची घट आहे. मात्र तिथे नमुने नाहीत, नकाशा आणि जन्मवर्ष एवढेच आहे.

न्यायालय आणि भरपाई

भारत सरकार आणि युनियन कार्बाइड यांच्यातल्या 1989 च्या तडजोडीत 47 कोटी डॉलर भरपाई ठरली. 3 ऑक्टोबर 1991 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या पिढीची दखल घेतली होती, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. ज्यांना आजार उशिरा दिसतील ते लोक आणि गॅस लागलेल्या मातांच्या पोटी पुढे व्यंग घेऊन जन्मणारी मुले, अशा किमान एक लाख जणांना गट वैद्यकीय विम्याचे संरक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे संबंध सिद्ध होण्याची वाट न पाहता न्यायालयाने शक्यतेची तरतूद केली होती. हा विमा मिळालाच नाही, अशी संघटनांची तक्रार आहे. 2012 मध्ये न्यायालयाने वैद्यकीय नोंदी संगणकावर आणण्याचे आणि देखरेख समितीचे आदेश दिले. जादा भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका मार्च 2023 मध्ये फेटाळली गेली.

दरम्यान मुलांची काळजी

वाद चालू असताना मुले वाढतच होती. 2004 चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळालेल्या गॅसपीडित कार्यकर्त्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी पुरस्काराच्या पैशांतून चिंगारी ट्रस्ट उभा केला. तिथे मुलांना व्यायामोपचार, वाचोपचार, विशेष शिक्षण विनामूल्य मिळते. मान न धरणाऱ्या मुलाला आधार देऊन बसवणे, मग फळीला बांधून उभे करणे, मग दोन दांड्यांच्या मधून पहिले पाऊल टाकायला लावणे, असे हे काम महिनोन्‌महिने चालते आणि आई शेजारी बसून ते घरी करण्यासाठी शिकत असते. गॅसपीडितांसाठी काम करणारे सतीनाथ सारंगी यांच्या पुढाकाराने 1996 मध्ये सुरू झालेला संभावना दवाखाना वस्त्यांत उपचार आणि नोंदी, दोन्ही करतो.

सरकारी बाजूला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याकडे पालघरला सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, नऊ जन्मजात व्यंगांचा शोध आणि जिल्हा केंद्रातून मोफत उपचार, अशी त्याची रचना आहे. तिथे कारण विचारले जात नाही. मूल गॅसपीडिताचे आहे की नाही, यावर वाकडे पाऊल सरळ करणे अवलंबून नाही.

काय ठरले, काय राहिले

त्या रात्री पोटात असलेल्या गर्भांना गॅसने मारले आणि वाचलेल्यांतल्या काहींना आयुष्यभराची इजा केली, याला आज पुरेसा आधार आहे. गॅसपीडितांना नंतर झालेल्या मुलांत व्यंगे वाढली का, हा प्रश्न उघडा आहे. 1990 चा अभ्यास त्या रात्रीच्या गरोदर स्त्रियांचा होता, म्हणून या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधू नये. 2016-17 चा अभ्यास याच प्रश्नाचा आहे आणि तो बंद आहे. पाण्याबाबत शंका सबळ आहे, मोजणी नाही.

एका आईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र यातले सगळे अभ्यास पूर्ण झाले तरी नेमके देता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जन्मजात व्यंगांपैकी जवळपास निम्म्यांचे नेमके कारण सापडत नाही. संशोधन हजार बाळांबद्दल बोलते, तिच्या एका बाळाबद्दल नाही. डॉक्टरांनी तिला हे स्पष्ट सांगावे आणि त्याचबरोबर हेही सांगावे, की यात तिचा दोष नाही आणि ग्रहणात बाहेर पडल्याने हे झालेले नाही. सासरी तिला बोल लावला जातो तो पुराव्याशिवायच.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला एक विनंती आहे. 2016-17 च्या पाहणीतल्या 2,295 बाळांची नोंद, नावे काढून टाकून, स्वतंत्र संशोधकांना खुली करावी आणि समितीने दाखवलेले दोष त्यासोबत छापावेत. त्या रात्री वर्षा-दोन वर्षांच्या असलेल्या मुली आज चाळिशी ओलांडून गेल्या आहेत, त्यांच्या बाळंतपणाचा काळ संपत आला आहे. यापुढे हा प्रश्न त्यांच्या मुलींच्या बाळंतपणांतच तपासता येईल, आणि त्यासाठी प्रत्येक बाळंतपणात आजीला गॅस लागला होता का, एवढा एक रकाना भोपाळच्या प्रसूतिगृहांच्या नोंदवहीत आजपासून असायला हवा.